सनदेपासून व्हिसापर्यंत

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पूर्वजांचे स्मरण करताना एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही : रायपुरातील आपण बहुतेक सारे स्थलांतरितांचे वंशज आहोत. इ. स. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने रतनपूरच्या राज्यावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसू लागला. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून कारभार केला आणि मराठी भाषा व मोडी लिपी येथील दप्तरात शिरली. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षक अ‍ॅग्न्यू यांनी मुख्य ठाणे रायपुरास हलविले. पुढे कारकून आले, वकील आले, शिक्षक आले. कोणाच्या हाती सनद होती, कोणाच्या हाती नेमणुकीचा हुकूम. पण ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते, त्यालाही येथे येऊन उद्योग मांडण्यासाठी कोणाची अनुज्ञा मागावी लागली नाही. पं. माधवराव सप्रे यांनी १९०० च्या जानेवारीत पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. प्रकाशनाचा भार वामनराव लाखे यांनी उचलला. तीन वर्षांत ते बंद पडले, ते द्रव्याच्या अभावी. ‘तुम्ही येथले कोण?’ या प्रश्नापायी नव्हे.

समुद्रापलीकडे मात्र हाच प्रश्न पहिला विचारला जाई. नाताळ वसाहतीत १८६० पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदी गिरमिटिये नेण्यात आले. त्यांच्या मागोमाग स्वखर्चाने छोटे व्यापारी गेले, आणि गोऱ्या दुकानदारांना ते सलू लागले. १८९७ मध्ये तेथे दोन कायदे झाले. एकाने युरोपीय भाषा लिहिता न येणाऱ्यास प्रवेश नाकारला. दुसऱ्याने व्यापाराचा परवाना देणे वा नाकारणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपविले. मजूर हवा, दुकानदार नको, असा त्या धोरणाचा सरळ अर्थ होता. नामदार गोखल्यांनी १९१० मध्ये नाताळकडील मजूरभरती थांबविण्याचा ठराव केंद्रीय कायदेमंडळात मांडला आणि १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेस स्वतः जाऊन तेथील हिंदी लोकांची दुःखे जाणून घेतली. १९१४ मध्ये गुरदित्तसिंग या व्यावसायिकाने भाड्याने घेतलेली ‘कोमागाता मारू’ ही बोट ३७६ उतारू घेऊन व्हँकूव्हरला पोहोचली. मायदेशाहून अखंड प्रवास करून आले नाहीत, या सबबीवर त्यांपैकी बहुतेकांना दोन महिन्यांनी परत धाडण्यात आले.

स्वतंत्र भारतातही पासपोर्ट ही बराच काळ सरकारची मेहेरबानी समजली जाई. व्यवसायासाठी परदेशी जाणाऱ्या सतवंतसिंग साहनी या उद्योजकाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९६७ च्या निकालाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरला, आणि त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. घरचे दार अशा रीतीने एका उद्योजकानेच उघडविले. पलीकडचे दार अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने किलकिले केले. परंतु त्यातून मुख्यतः डॉक्टर, इंजिनीअर आणि त्यांचे नातलग आत गेले.

माझ्या परिचयातील रायपूरचा एक तरुण चार माणसांची छोटी कंपनी चालवितो. परदेशचे काम मिळण्याचा योग आला, तेव्हा तो कागद घेऊन मजकडे आला व म्हणाला, “काका, यात मी नेमका कोण? नोकर की मालक?” मी आयुष्यभर सरकारी फॉर्म भरले आणि तपासले, तरी मला चटकन उत्तर देता आले नाही. व्यवसायभेटीच्या व्हिसावर अमेरिकेत वाटाघाटी करता येतात, करारावर सही करता येते. तेथे राहून नोकरी वा मजुरी करता येत नाही. शाखा उघडून व्यवस्थापक पाठवावा, तर त्याने गेल्या तीन वर्षांत किमान एक वर्ष सलग मूळ कंपनीत काम केलेले असावे लागते, आणि नव्या शाखेसाठी प्रथम एकाच वर्षाची मुदत मिळते. अल्प भांडवलाच्या व्यापाऱ्यांसाठी तह असलेल्या देशांना एक वेगळी वाट आहे. भारताशी तसा तह नाही. १९९० मध्ये गुंतवणूकदारांसाठी दार उघडले खरे, पण २०२२ पासून त्याचे किमान मोल आठ लाख डॉलर आणि दहा जणांना रोजगार असे आहे. ब्रिटनने २०२३ मध्ये पन्नास हजार पौंडांची अट काढली. तरी योजना नवी, टिकाऊ आणि वाढण्याजोगी आहे, अशी मान्यताप्राप्त संस्थेची ग्वाही लागतेच.

म्हणजे सव्वाशे वर्षांनंतरही ज्याच्यापाशी नोकरीचा करार आहे त्याला एक दार आहे, ज्याच्यापाशी धन आहे त्याला दुसरे. केवळ हुन्नर आणि अल्प भांडवल असलेल्याने मात्र भिंतीतली फट शोधायची. तो तरुण अद्याप शोधतोच आहे. प्रत्येक देशास आपल्या वेशीवर पहारा ठेवण्याचा अधिकार आहे, हे शासनाचा सेवक म्हणून मी जाणतो. तरीही आपल्या पूर्वजांना या भूमीने कागद न विचारता थारा दिला, हे ऋण विसरता येत नाही. आज रायपुरातही दूरदूरची माणसे छोटे उद्योग घेऊन येत आहेत. त्यांना ‘तुम्ही येथले कोण?’ असे विचारण्यापूर्वी आपण आपली सनद आठवावी, एवढेच या प्रसंगी सुचवावेसे वाटते.