पन्नास पौंडांचा कॅमेरा आणि फुकटचं ऊन

मंडळी, आज आपण एका शिकाऊ माणसाविषयी बोलणार आहोत. वय चाळिशीच्या पुढे गेलेलं, हातात नोकरी नाही, छापखान्याच्या धंद्यातून भागीदारांशी न पटल्यामुळे बाहेर पडलेला, घरात बायको आणि मुलं, आणि डोक्यात एकच खूळ. नाव धुंडिराज गोविंद फाळके. आता आपण त्यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतो, त्यांच्या नावाने पुरस्कार देतो. पण १९११ साली ते फक्त आपल्या घरातल्या मुलांचे जनक होते! चित्रपटाच्या बाबतीत ते विद्यार्थी होते, तेही शाळा नसलेले आणि गुरू नसलेले.

या व्याख्यानमालेला येणाऱ्या तरुण मंडळींकडून आम्हाला एक प्रश्न नेहमी येतो. फिल्म करायची आहे, पैसे थोडे आहेत, तर कॅमेरा कोणता घ्यावा? आम्ही इतिहासवाले, कॅमेऱ्याचा सल्ला आम्ही काय देणार? पण हाच प्रश्न ११० वर्षांपूर्वी फाळक्यांसमोर होता, आणि त्यांचा हिशेब आपल्याला मांडता येतो. तो मांडून बघू.

फाळक्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून सुमारे १०,००० रुपये उभे केले, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलेलं आहे. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि तिथे त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, किंमत ५० पौंड. त्या काळी एका पौंडाला १५ रुपये असा ठरलेला दर होता. म्हणजे कॅमेरा पडला ७५० रुपयांना. दहा हजारांच्या कर्जात साडेसातशे! दहावा हिस्सासुद्धा नाही. मग बाकीचे पैसे गेले कुठे? बोटीचं भाडं, राहणं-खाणं हे आहेच. पण त्यांनी आणखी काही गोष्टी मागवल्या, आणि आमच्या मते सगळी गोम त्या गोष्टींत आहे. कच्च्या फिल्मची ऑर्डर कोडॅककडे दिली. फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं यंत्र घेतलं. फिल्म धुण्याची आणि तिची प्रत काढण्याची व्यवस्था मुंबईत स्वतःच्या घरी करायची असं ठरवलं.

याचं महत्त्व कळायचं असेल तर थोडं मागे जावं लागेल. मुंबईत फाळक्यांच्या आधीही कॅमेरा होता. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा खेळ झाला, तो पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते. (गंमत बघा, यांचंही नाव हरिश्चंद्रच.) सगळे त्यांना सावेदादा म्हणत. ते धंद्यानेच फोटोग्राफर होते, मुंबईत त्यांचा स्टुडिओ होता. त्यांनी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या रायली ब्रदर्सकडून २१ गिनींना कॅमेरा मागवला. २१ गिनी म्हणजे २२ पौंड १ शिलिंग, फाळक्यांच्या कॅमेऱ्याच्या निम्म्याहूनही कमी. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. पुढे १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, त्यांचं स्वागतही टिपलं.

पण कुस्तीची फिल्म धुवायला गेली लंडनला. बोटीने जाणार, बोटीने येणार. आता विचार करा. तुम्ही आज एक शॉट घेतलात. उजेड कमी पडला का, हँडल हळू फिरलं का, माणूस चौकटीबाहेर गेला का, हे तुम्हाला कळणार कित्येक आठवड्यांनी. तोवर त्या दिवशीचं ऊन कसं होतं तेही तुमच्या लक्षात नाही. अशा रीतीने माणूस चित्रण करू शकतो, शिकू मात्र शकत नाही. १९१२ च्या मे महिन्यात दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ आला, त्याचीही हीच गत: कॅमेऱ्यावर इंग्रज माणूस आणि फिल्म धुवायला लंडनला. ‘पहिला कोण’ या वादात आम्ही आज शिरत नाही, त्यात फार शाई खर्च झालेली आहे. आमचं म्हणणं इतकंच की फाळक्यांनी ज्यावर पैसे खर्च केले ती गोष्ट कॅमेऱ्याहून मोठी होती. दिवसा केलेली चूक रात्री बघता येण्याची सोय त्यांनी विकत घेतली.

आता ते अगदीच कोरे होते असंही नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, पुराणवस्तू खात्यात काम, ठसे करण्याचं आणि रंगीत छपाईचं तंत्र, त्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीची वारी. शिवाय ते जादूचे प्रयोग करत, ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. फाळके उलटं वाचा, केळफा होतं. तेव्हा काच, रसायन, उजेड आणि प्रेक्षकांची नजर या चारही गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. नव्हती ती फक्त हलणारी फिल्म.

मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिल्यावर त्यांनी काय केलं? एकदम मोठा कॅमेरा आणायला धावले नाहीत. एक स्वस्तातलं छोटं यंत्र आणि थोडी रिळं घेतली, आणि घरी मेणबत्तीच्या उजेडात, भिंग धरून, भिंतीवर चित्रं पाडून बघू लागले. दिवसाचे कित्येक तास थिएटरात बसून आलेला प्रत्येक चित्रपट पाहायचा. इतकं पाहिलं की डोळ्यांवर परिणाम झाला, काही काळ दिसेनासं झालं, औषधोपचारानंतर दृष्टी परत आली. एवढं झाल्यावर मग लंडन.

लंडनमध्ये ते ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन संपादक केबर्न यांना भेटले. संपादकांनी आधी त्यांना परावृत्त करण्याचाच प्रयत्न केला. मग माणूस हटत नाही म्हटल्यावर वॉल्टनच्या सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठवलं, आणि हेपवर्थनी आपला स्टुडिओ उघडून दाखवला. या हेपवर्थविषयी थोडं सांगायलाच हवं. १९०५ मध्ये त्यांनी ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ नावाचा छोटा चित्रपट केला. चोरीला गेलेलं तान्हं मूल घरचा कुत्रा शोधून आणतो, एवढीच गोष्ट. कथा हेपवर्थच्या बायकोची, आईचं काम तिचंच, मूल त्यांचंच, कुत्राही घरचाच. खर्च आला साधारण साडेसात पौंड, आणि मागणी इतकी की प्रती काढून काढून निगेटिव्ह झिजली आणि चित्रपट पुन्हा दोनदा चित्रित करावा लागला. म्हणजे फाळके ज्याच्याकडे शिकायला गेले तो कारखानदारही मुळात घरच्या माणसांना घेऊनच वर आलेला. फरक एवढाच, की १९१२ पर्यंत हेपवर्थकडे काचेचा स्टुडिओ आणि विजेचे आर्क दिवे होते. फाळके १ एप्रिलला मुंबईला परतले ते दिव्यांशिवाय.

मे महिन्यात यंत्रं येऊन पोहोचली. सोबतच्या आराखड्यावरून फाळक्यांनी ती स्वतः जुळवली. दादरच्या ‘मथुरा भवन’मध्ये बिऱ्हाड हलवलेलं होतं, आवारात एक काचेची खोली उभारली, एक डार्करूम केली.

त्या काळचा कॅमेरा हाताने फिरवायचा. हँडलच्या एका फेऱ्याला ८ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ चौकटी. फिल्मच्या एका फुटातही १६ चौकटी बसतात. सेकंदाला एक फूट, हिशेब सोपा. आता इथे शिकाऊ माणसाची परीक्षा आहे. हँडल जोरात फिरवलं तर प्रत्येक चौकटीला उजेड कमी मिळतो आणि चित्र काळवंडतं. वर पडद्यावर माणसं संथ चालतात. हळू फिरवलं तर चित्र पांढरं पडतं आणि माणसं तुरुतुरु पळतात. म्हणजे उजेड आणि हात या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. आज आपण शटर, आयएसओ वगैरे बटणांनी करतो त्यातलं बरंचसं तेव्हा मनगटात होतं.

पहिला सराव दादरच्या मुलामुलींवर झाला. आणि मग ती प्रसिद्ध वाटाण्याची कुंडी. मातीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा मांडला, आणि महिनाभराहून अधिक काळ एकेक चौकट घेत राहिले. पडद्यावर मिनिटभरात बी फुटतं, कोंब वर येतो, वेल होते. ‘अंकुराची वाढ’ हे तिचं नाव. तिच्याकडे लोक कौतुकाने बघतात, आम्ही जरा हिशेबाने बघतो. एका मिनिटाला चौकटी लागतात ९६०. म्हणजे फिल्म किती? ६० फूट! महिनाभर रोज कॅमेरा हाताळायला मिळाला, एकाच जागेवर बदलत्या उजेडाचा अभ्यास झाला, नट नको, कपडे नको, आणि फिल्म खर्च झाली ६० फूट. कमी पैशात शिकण्याचा याहून चांगला धडा आम्हाला तरी ठाऊक नाही. त्या मिनिटाचं काम शिक्षणावर संपलं नाही. ते पाहून फोटोच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी पैसे द्यायला तयार झाले. कर्जासाठी सरस्वतीबाईंचे दागिनेही तारण गेले.

सरस्वतीबाई म्हणजे फाळक्यांच्या पत्नी. त्यांचं नाव दागिन्यांपाशी येतं आणि तिथेच थांबतं, ही आपल्याकडची जुनी खोड. कामाचं मोजमाप घेऊ. कच्ची फिल्म भोकांशिवाय यायची. प्रत्येक चौकटीला एका बाजूला ४ भोकं, म्हणजे फुटाला ६४. ‘राजा हरिश्चंद्र’ भरला ३,७०० फूट. एका बाजूची भोकं होतात २,३६,८००, दोन्ही बाजूंची त्याच्या दुप्पट, आणि हे फक्त निगेटिव्हचं, एक फूटही वाया गेलं नाही असं धरून. यंत्र होतं खरं, पण ते चालवायला माणूस लागतो, आणि भोकं जरा सरकली की पडद्यावर चित्र थरथरतं. हे काम फाळक्यांनी घरच्यांना शिकवलं आणि ते मुख्यतः सरस्वतीबाईंनी केलं, डार्करूममध्ये बसून. फिल्म धुण्यातही त्या होत्या. वर कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, असं सांगतात.

उजेडाचं कामही त्यांच्या हातातून सुटलं नाही. दिवे नव्हते, म्हणून महालातले प्रसंगही सूर्याच्याच भरवशावर घ्यायचे. मुंबईचं ऊन भरपूर, पण भरपूर ऊन म्हणजे चांगला उजेड नव्हे. दुपारी सूर्य डोक्यावर आला की भुवयांखाली खड्डे पडतात, मुकुटाची सावली नाकापर्यंत येते, राजा हरिश्चंद्र आजारी दिसू लागतो! उपाय एकच: समोरून पांढरं कापड धरून ऊन चेहऱ्यावर परतवायचं. पांढऱ्या चादरी घेऊन उन्हात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्यांत सरस्वतीबाई होत्या. आज ज्याला आपण रिफ्लेक्टर म्हणतो तो घरातल्या कपाटातून निघाला होता.

आणखी एक अडचण फिल्मचीच. त्या वेळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे आणि निळा जास्तच दिसे. त्यामुळे आकाश कोरं पांढरं, आणि लाल शेला किंवा कुंकू काळं. पौराणिक चित्रपटात लाल रंग किती, विचार करा. पण याच दोषाचा एक फायदा होता. फिल्मला लाल दिसत नाही म्हणून डार्करूममध्ये लाल दिवा लावता येई. सरस्वतीबाईंना निदान आपले हात दिसत होते.

दिवसाउजेडी चित्रण, रात्री धुलाई, असा क्रम सुरू झाला. कॅमेरा चालवायला फाळक्यांनी त्र्यंबक तेलंग यांना तयार केलं. तारामतीला बाई मिळेना, म्हणून ग्रँट रोडच्या हॉटेलातले आचारी अण्णा साळुंके उभे राहिले. रोहिदासाच्या कामाला घरचाच भालचंद्र. इथे हेपवर्थचं तान्हं मूल आठवावं. सगळं मिळून ६ महिने २७ दिवस लागले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला.

पुढच्याच चित्रपटांसाठी फाळके नाशिकला गेले. दिव्यांचा प्रश्न मात्र त्यांनी सोडवला नाही, तो सुटला दुसरीकडे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी परदेशी कॅमेरा घेण्याऐवजी दामल्यांच्या मदतीने स्वतःच कॅमेरा बनवला, आणि १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीच्या प्रसंगासाठी कृत्रिम प्रकाश वापरला. तो विषय पुढच्या व्याख्यानाचा.

तोवर एक काम करा. ‘राजा हरिश्चंद्र’चा जो भाग उरलेला आहे, पहिलं आणि शेवटचं रीळ, तो पाहून या. तो १९१३ चा की १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण आपल्या कामाला तेवढ्याने अडत नाही. गोष्ट तुम्हाला पाठच आहे, तेव्हा तिच्याकडे लक्ष देऊ नका. जमिनीवरच्या सावल्या बघा, त्यावरून किती वाजले असतील ते ठरवा, आणि प्रत्येक चेहऱ्यावर उजेड कुठल्या बाजूने येतो ते टिपून ठेवा. पुढच्या वेळी आपण तिथूनच सुरू करू.