‘पब्लिक’ हे विशेषण आणि चवदार तळे

मराठी व्याकरणकार स्थानावरून विशेषणाचे दोन प्रकार मानतात. नामाच्या आधी येते ते अधिविशेषण. नामानंतर येऊन विधान पुरे करते ते विधिविशेषण. ‘सार्वजनिक तळे’ हे पहिल्याचे उदाहरण, ‘तळे सार्वजनिक आहे’ हे दुसऱ्याचे. हा भेद शाळेत उदाहरणापुरता येतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. वस्तुतः अधिविशेषण गुण गृहीत धरते, तर विधिविशेषण तो प्रतिपादन करते. आणि जे प्रतिपादिले जाते ते नाकारलेही जाऊ शकते. महाडच्या चवदार तळ्याचा १९२३ ते १९३७ हा इतिहास ‘पब्लिक’ या इंग्रजी विशेषणाच्या या दोन स्थानांमधील प्रवास म्हणून वाचता येतो, असे मला वाटते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले व राखलेले, अथवा सरकारनियुक्त किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या व्यवस्थेखालील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, अशी ही शिफारस. मूळ ठराव इंग्रजीत असून त्यात ‘पब्लिक’ हे विशेषण पाणवठ्यांना, निधीला आणि शाळांना लागलेले आहे. पण तीन ठिकाणी त्याचा अर्थ एक नाही. पाण्याच्या संदर्भात ते वापराविषयी बोलते, निधीच्या संदर्भात पैसा कोणाचा याविषयी. शाळेच्या संदर्भात तर इंग्लंडमधील वाचक गोंधळलाच असता, कारण तेथे ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे भरमसाट फीची खाजगी शाळा! तिन्ही ठिकाणी विशेषण नामाच्या आधी आहे. अमुक पाणवठा सार्वजनिक आहे की नाही, हा प्रश्नच वाक्यात उद्भवत नाही.

मराठीत हे विशेषण ‘सार्वजनिक’ या रूपाने रुळले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. १८९१ मध्ये जोतीराव फुल्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. १८९३ पासून गणेशोत्सव सार्वजनिक झाला. तिन्ही ठिकाणी शब्द एकच, पण त्यातला ‘सर्व’ जोतीरावांनी जितका अक्षरशः घेतला तितका इतरांनी घेतला, असे म्हणवत नाही. (आज पोलादपूरहून महाडला येणाऱ्या एस.टी.त ‘पब्लिक फार आहे’ असे वाक्य सहज कानी पडते. तेथे ते विशेषण राहिलेले नाही. गर्दीचे नाम झाले आहे.)

या विशेषणाआधी गावाची भाषा काय होती? ती षष्ठीची होती: ‘गावचे तळे’, ‘गावची विहीर’. ‘चा-ची-चे’ हा प्रत्यय संबंध सांगतो, पण त्या संबंधाची दिशा सांगत नाही. महार हा ‘गावचा महार’ होता. म्हणजे गावाचा त्याच्यावर हक्क होता. परंतु ‘गावचे पाणी’ त्याचे नव्हते. एकच प्रत्यय एके ठिकाणी माणसाला गावात ओढून घेई आणि दुसऱ्या ठिकाणी वेशीबाहेर ठेवी, आणि व्याकरणदृष्ट्या दोन्ही वाक्ये निर्दोष ठरत. ‘सार्वजनिक’ या शब्दाला ही सोय नाही. ‘तळे सर्व जनांचे आहे, पण या जनांचे नाही’ हे वाक्य स्वतःलाच खोडते. नव्या विशेषणाची खरी अडचण येथे होती.

महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. विशेषण कागदावर लागले. वापरात मात्र आले नाही. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी जमलेला समुदाय २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तळ्यावर जाऊन पाणी प्याला, तेव्हा त्या विशेषणाचा पहिला प्रामाणिक वाक्यात उपयोग झाला. परधर्मीयांना त्या तळ्यावर मज्जाव नव्हता आणि गुरेही तेथे पाणी पीत, हे आंबेडकरांनी वारंवार निदर्शनास आणले. पाठोपाठ वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा पसरून परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले, आणि तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. शुद्धी हेही एक विधानच होते: जे ‘सर्व’ नुकतेच पूर्ण झाले होते ते पुन्हा अपूर्ण करणारे. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

विशेषण नामाच्या मागे गेले ते डिसेंबरात. दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर सवर्णांच्या वतीने महाडच्या न्यायालयात दावा दाखल झाला आणि तात्पुरती मनाई मिळाली. तळे खाजगी स्वरूपाचे आहे, आणि ते केवळ स्पृश्यांनी वापरायचे ही प्राचीन रूढी आहे, असे म्हणणे होते. पहिला मुद्दा मला सूचक वाटतो. ‘सार्वजनिक तळे, पण सर्वांसाठी नव्हे’ असे म्हणणे भाषेलाच झेपणारे नसल्याने विशेषणच बदलणे भाग पडले. मनाईमुळे डिसेंबरात तळ्यावर जाणे स्थगित झाले. त्या परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि आंबेडकरांनी परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. निव्वळ पाण्यासाठी नव्हे तर आपणही माणसेच आहोत हे प्रस्थापित करण्यासाठी तळ्यावर जायचे आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. ‘सर्व जन’ मधील ‘जन’ कोण, हा तो प्रश्न.

पुढे दाव्यात मालकीचा मुद्दा मागे पडला व रूढीचा उरला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही अनादी रूढी सिद्ध झालेली नाही, असे ठरवून सवर्णांचे अपील फेटाळले. अधिविशेषणाने एका ओळीत गृहीत धरलेली गोष्ट विधिविशेषण म्हणून टिकायला दावा दाखल झाल्यापासून नऊ वर्षांहून अधिक काळ लागला.

२६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव व स्नानघाट पुन्हा येतात. तेथे मात्र ‘पब्लिक’ या एकट्या विशेषणावर भिस्त ठेवलेली नाही. पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखलेले, अथवा सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी अर्पण केलेले, असे शब्द जोडलेले आहेत. १९२३ च्या ठरावात ‘अंशतः’ नव्हते.