कोणता विषय घेऊ?

श्रोतेहो, मृगाचा पाऊस आणि कॉलेजचे प्रवेश हे दोन्ही आपल्याकडे एकदमच येतात. बाप वाफसा पाहत असतो आणि मुलगी प्रवेशाचा अर्ज घेऊन ओट्यावर बसलेली असते. अर्जात एक रकाना असतो ऐच्छिक विषयांचा, आणि तिथे आली की तिची लेखणी थांबते. कोणता विषय घेऊ?

आपल्या पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातली सणसवाडीच घ्या. पुणे-नगर रस्त्यावरचे हे गाव. शिवाराला लागून आज कारखाने उभे आहेत. अशा गावात पोरीने इतिहास किंवा तत्त्वज्ञान घेते म्हटले, की घरचे म्हणणार, "अगं, कारखान्यात शिवाजी महाराजांच्या लढाया कोण विचारतो?" त्यांचेही चुकत नाही. घरात पैसा मोजून येतो, तेव्हा विषयही मोजूनच घ्यावा लागतो. पण मोजायचे ते कशाने, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे एक उत्तर आपल्याला सणसवाडीच्या शेजारीच सापडते.

त्याआधी थोडे मागे जाऊ. विषय निवडण्याची मुभा ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट नाही. १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात सरकारी संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासह पहिले चार बी.ए. बाहेर पडले. पण थोड्याच वर्षांत वरच्या परीक्षांतून मराठीच बाहेर गेली! आपल्याच मुलखात आपलीच भाषा विद्यार्थ्याला घेता येईना. ती परत यावी म्हणून रानड्यांनी अखेरपर्यंत खटपट केली. १९०१ साली, त्यांच्या निधनाच्या सुमारास, एम.ए.च्या परीक्षेत मराठीला जागा मिळाली.

आणि विषय कागदावर असला म्हणजे तो प्रत्येकाला मिळत असे, असेही नव्हे. मुंबईच्या हायस्कुलात शिकणाऱ्या एका मुलाला संस्कृत शिकायचे होते. शिक्षकांनी नकार दिला. का? तर मुलगा अस्पृश्य मानलेल्या जातीचा. नाइलाजाने त्याने फारसी घेतली. हा मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. पुढे मोठेपणी संस्कृत ते स्वतःच्या कष्टाने शिकले, पण त्या वयात दार बंद झाले ते झालेच.

गुरुजनहो, याच मुलाच्या आयुष्यात दुसरेही एक शिक्षक आले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे शिक्षण अडले, तेव्हा याच गुरुजींनी त्यांची सयाजीराव महाराज गायकवाडांशी गाठ घालून दिली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एका शिक्षकाने दार लावले, दुसऱ्याने उघडले. आपण वर्गात उभे राहतो तेव्हा यांपैकी कोण असतो, हे ज्याने त्याने मनाशी पाहावे.

बी.ए. झाल्यावर १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. अमेरिकेतली हवा निराळी होती. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ पासून चाळीस वर्षे एकाच गोष्टीचा पाठपुरावा केला होता, की विद्यार्थ्याला आपले विषय निवडू द्या. ती पद्धत तोवर देशभर रुजली होती. ज्याला शाळेत एक विषय नाकारला गेला, त्याच्यापुढे आता विषयांचे ताटच वाढून आले.

त्यांनी काय उचलले, ते नीट ऐका. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मन यांचा एकेक. तीन वर्षांत एकूण ६०! पदवीपुरते शिकून भागले असते. पण शिष्यवृत्तीची मुदत ठरलेली होती, आणि परत गेल्यावर हे मिळणार नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आता कोणी म्हणेल, ही तर खिचडी झाली. तशी ती नव्हती. त्यांच्या मनात प्रश्न एकच होता : आपला समाज असा का आहे, आणि तो बदलायचा कसा? विहिरीला पाणी कुठे लागेल हे पाहताना आपण एकाच बाजूने पाहत नाही. चारही अंगांनी जमीन न्याहाळतो. तसेच हे. मानववंशशास्त्राच्या वर्गातूनच ९ मे १९१६ रोजी जातिसंस्थेवरचा त्यांचा पहिला गाजलेला निबंध वाचला गेला. अर्थशास्त्रातून १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आला. इतिहास आणि राज्यशास्त्र यांचा उपयोग पुढे राज्यघटनेच्या मसुद्याच्या वेळी किती झाला असेल, ते मी सांगायला नको.

आणि शेतकरी बांधवांनो, १९१८ सालचा त्यांचा एक निबंध खास तुमच्यासाठी सांगण्यासारखा आहे. विषय होता शेतीच्या तुकड्यांचा. तेव्हा पुष्कळ विद्वान म्हणत, की तुकडे जोडले म्हणजे झाले. आंबेडकर म्हणाले, नुसते क्षेत्र मोजून भागायचे नाही. त्या जमिनीला भांडवल किती आहे, अवजार किती आहे, हेही पाहा. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे रेटून बसली आहेत, आणि त्यांना काम मिळायचे तर उद्योगधंदे वाढले पाहिजेत. शंभर वर्षांपूर्वीचे हे लिहिणे सणसवाडीच्या फाट्यावर उभे राहून वाचून पाहा. एका बाजूला वाटण्या होत आलेले शेत, दुसऱ्या बाजूला कारखान्याची पाळी सुटलेली. बापाचा प्रश्न होता, की कारखान्यात इतिहास कोण विचारतो. पण आपल्या गावात कारखाना का आला, आपल्या पोरांना त्यात कोणते काम मिळते आणि कोणते मिळत नाही, हे ज्याला विचारायचे आहे, त्याला इतिहास आणि अर्थशास्त्र लागतेच.

सणसवाडीहून पुण्याकडे निघालात, की कोरेगाव भीमा लागते आणि नदी ओलांडली की जयस्तंभ. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे त्यावर कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे आले होते. त्या नावांत महार शिपायांची नावे आहेत. रस्त्याने रोज शेकडो माणसे जातात, पण दगडावरचे नाव वाचून त्यातून विचार काढायला शिकावे लागते. शेजारचे वढू बुद्रुक, रांजणगाव, पाबळ या गावांचेही असेच आहे. इतिहास घेणाऱ्या मुलाला पहिला धडा गावाच्या शिवेवरच मिळेल.

आता आजचे सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या राज्यातल्या महाविद्यालयांत मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या विद्याशाखेतलाही खुला ऐच्छिक विषय घ्यायचा असतो. म्हणजे वाणिज्याची मुलगी इतिहास घेऊ शकते, विज्ञानाचा मुलगा मराठी घेऊ शकतो. मुभा चांगली आहे. पण बहुतेक मुले करतात काय? मैत्रिणीने घेतला म्हणून, किंवा पेपर सोपा असतो म्हणून विषय घेतात. काही ठिकाणी शिकवायला माणूसच नसतो, म्हणून जो आहे तो विषय गळ्यात पडतो.

म्हणून पालकांनो, अर्ज भरण्याआधी मुलीसह एकदा कॉलेजात जा. तो विषय खरोखर शिकवला जातो का, कोण शिकवतात, ग्रंथालयात पुस्तके आहेत का, हे तीन प्रश्न विचारा. विचारायला लाजू नका, फी तुम्ही भरता. आणि घरी आल्यावर मुलीला चौथा प्रश्न विचारा, "तुला नेमके काय समजून घ्यायचे आहे गं?" उत्तर लगेच येणार नाही. येईपर्यंत थांबा, तिच्या जागी तुम्ही उत्तर देऊ नका.

गुरुजनांना एकच विनंती. एखादा मुलगा अवघड वाटणारा विषय मागत आला, तर "तुला झेपायचा नाही" असे चटकन म्हणू नका. आधी एक पुस्तक हातात द्या. केळुसकर गुरुजींनीही तेवढेच केले होते.