कोयते तितक्या चुली

दसरा उलटला की वडवणी, धारूर, केज, पाटोदा या बीड जिल्ह्यातल्या, बालाघाट डोंगररांगेच्या अंगाखांद्यावरच्या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जनावरं-माणसांच्या आधी जागा अडवतं ते स्वयंपाकाचं सामान. बाजरीचं पोतं, डाळ, तिखट, येसर, शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी, तवा, काटवट, दोन-तीन पातेली, हंडे-कळशा आणि या सगळ्यावर पत्र्याची पेटी. पुढचे पाच-सहा महिने सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगर किंवा थेट कर्नाटकातल्या कुठल्या तरी कारखान्याच्या हद्दीत हाच संसार. तळावर कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, एका ओळीत उभ्या राहतात, फडात सगळी टोळी एकत्र उतरते, ट्रक सगळे मिळून भरतात. जेवण तेवढं वेगळं. टोळीत बारा कोयते, म्हणजे बारा जोडपी, असतील तर संध्याकाळी बारा चुली पेटतात, बारा तवे तापतात, बारा जणी सरपण शोधत फिरतात. कोणी याला गावाकडची रीत म्हणतं, कोणी जातीपातीचा सोवळेपणा, तर कोणी नुसतीच गरिबी. मला हे तिन्ही खुलासे अपुरे वाटतात. ही चूल गावातून आलेली दिसते खरी, पण तिचं कूळ शोधत गेलं तर ते टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीत सापडतं.

ऊस महाराष्ट्राला नवा नाही. गुऱ्हाळाच्या काळात मात्र चरकाला आणि कढईला झेपेल तेवढाच ऊस तोडायचा असे, आणि तेवढी माणसं गावात मिळत. कारखान्याची भूक वेगळी. 1919 मध्ये हरेगावला बेलापूर कंपनी उभी राहिली, 1930 च्या दशकात माळीनगरसारखे कारखाने आले, आणि 1950-51 च्या हंगामात प्रवरानगरला सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झाल्यावर तर पश्चिम महाराष्ट्रात धुराड्यांची रांगच लागली. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक घटते, त्यामुळे तोड आणि गाळप यांत एक दिवसाचं अंतरही जास्तच. कारखाना रात्रंदिवस चालतो, म्हणून तोडही थांबवून चालत नाही. बागायतदाराच्या गावात एवढी माणसं नव्हती, आणि जी होती ती कारखान्याच्या भावात राबायला तयार नव्हती. बालाघाटाच्या माथ्यावर मात्र खरिपाची बाजरी निघाली की पुढच्या पावसापर्यंत हाताला काम नसे, म्हणून तिथली माणसं तोडीला येऊ लागली. 1972 च्या दुष्काळानं ही वाट कायमची रुंद केली.

या सगळ्यात चुलीच्या दृष्टीनं निर्णायक ठरली ती मजूर मोजायची रीत. कारखान्यानं एकटा पुरुष मोजला नाही, जोडपं मोजलं. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट सोलते, वाढे म्हणजे शेंडे छाटते, मोळी बांधते, डोक्यावरून ट्रकपर्यंत नेते. हे दोघं मिळून एक कोयता, आणि एकटा आला तर अर्धा. हंगामाआधीची आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, कोयत्याला, तोडीचा दर टनावर पण हिशेब कोयत्याच्या नावावर, कामाला न आल्याचा दंड, म्हणजे खाडा, तोही कोयत्याचाच. मग ज्वारी-बाजरी, तेल-मीठ हे खर्च कुणाच्या नावावर पडणार? ज्याची उचल त्याचा किराणा. एका पातेल्यात बारा घरांची डाळ शिजवायची तर कोणी किती घातली आणि कोणाची पोरं किती जेवली याचा वेगळा हिशेब उभा राहतो, आणि ज्याच्यावर उचलीचं ओझं जास्त त्यालाच तो आधी नकोसा होतो.

हा तर्क खरा की खोटा, हे तपासायला मुंबईच्या गिरण्यांकडे पाहावं. गिरणीनं कोकणातला आणि घाटावरचा एकटा पुरुष कामाला घेतला, बायको-पोरं गावी ठेवली. परिणाम असा की गिरणगावात घरोघर चुली वाढल्या नाहीत, खानावळी वाढल्या. एकेक बाई दहा-वीस गडी जेवायला घालू लागली, आणि त्या खानावळवाल्या बायकांनाच एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. माणसं त्याच महाराष्ट्राची, घाटावरची तर तशाच कोरडवाहू गावांतून आलेली, चवही भाकरी-कालवणाचीच. गिरणीनं मजूर एकेकट्यानं मोजला म्हणून खानावळ झाली, साखर कारखान्यानं जोडीनं मोजला म्हणून तळावर चूल आली. शिवाय जेवण शिजवायचे कष्ट मजुरीच्या दरात कुठेच धरावे लागले नाहीत. अर्ध्या कोयत्याचं काम करून आलेली बाई ते करतेच, असं गृहीत होतं.

तळावरच्या जेवणाचा बेत कसा ठरतो ते पाहिलं की हा हिशेब आणखी उघडा पडतो. घरच्या चुलीला वैल असतो. पुढं भाकरी भाजली जाते, मागं कालवण उकळत राहतं. तळावर तीन दगड. त्यांवर एका वेळी एकच भांडं. भाकरी थापायची तर कालवण खाली उतरवायचं. सरपण म्हणून हाताशी असतं पाचट, ते भपकन पेटतं आणि तितक्याच झटकन विझतं, म्हणून एक हात सतत चुलीत लागतो. पहाटे अंधारात, थंडीत, फडाला निघण्याआधी दोन वेळच्या भाकरी उरकायच्या. अशा वेळी पदार्थ निवडायला वाव फार थोडा. म्हणून कोरड्या चटण्या, म्हणून ठेचा, म्हणून उकळत्या पाण्यात पीठ लावून होणारं पिठलं. आणि म्हणून येसर. धान्य, डाळ, मसाले भाजून दळून ठेवलेलं हे पीठ बीड-नगरकडे लग्नाच्या पंगतीत आमटीला मान मिळवून देतं. तळावर तेच निव्वळ सोयीचं होतं: पाणी, मीठ, दोन चमचे येसर, एक उकळी. भाजण्याची मेहनत दसऱ्याआधी गावीच करून आणलेली असते. शहरातलं सहलीला निघणारं कुटुंब आता पाकिटातली तयार पिठं घेतं, त्या कल्पनेत वडवणीच्या बाईला नवं काही दिसायचं नाही.

ताजी भाजी, दूध, तेल यांचे पैसे कुठून येतात, हेही याच वहीत आहे. उचल तर गावीच खर्चून गेलेली असते: कर्ज, लग्न, दवाखाना, बियाणं. हंगामभर मजुरी त्यात वळती होत राहते, हातात रोकड पडत नाही. मग आठवड्याचा बाजार होतो तो वाढ्यांवर. उसाचे हिरवे शेंडे गावातले दूधवाले चाऱ्यासाठी विकत घेतात, आणि त्या सुट्या पैशांतून वांगी, मिरच्या, गोडेतेल येतं. ज्या दिवशी वाढ्यांना गिऱ्हाईक नाही त्या दिवशी चटणी-भाकरी. म्हणजे कोपीतलं कालवण शेजारच्या गावातल्या म्हशींच्या संख्येवर अवलंबून, असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही.

आता आक्षेप. पहिला असा की उघड्यावर तळ टाकून तीन दगडांवर शिजवणं हे बालाघाटाला जुनंच आहे. वंजारी आणि बंजारा समाजांनी बैलांच्या पाठीवरून धान्य-मीठ वाहिलं, रेल्वेनं तो धंदा बुडवला, आणि आजच्या ऊसतोडीत हे दोन्ही समाज मोठ्या संख्येनं आहेत. कूळ तिथंच का मानू नये? हत्यारांपुरतं मानावं. तीन दगड, कोरडं धान्य, झटपट रांधणं हे कसब त्या वाटेनं आलेलं असणं अगदी शक्य आहे. पण तांड्याचा मुक्काम पाणी आणि चारा पाहून ठरे, चूल माणसाच्या सवडीनं पेटे. तळावरची चूल कारखान्याच्या चिटबॉयनं दिलेल्या तोडीच्या चिठ्ठीवर आणि ट्रकच्या वेळेवर पेटते. रात्री दहाला गाडी भरायला आली तर उकळी आलेलं पातेलं तसंच उतरतं. आणि या टोळ्यांत मराठा, दलित, धनगर घरंही आहेत, ज्यांच्या पूर्वजांनी कधी तांडा हाकला नाही. त्यांच्या चुली वंजारी-बंजारा घरांच्या चुलींहून वेगळ्या नाहीत.

दुसरा आक्षेप जातीचा, आणि तो हलका नाही. एकत्र पंगत बसत नाही याला शिवाशीव कारणीभूत असेलही. पण टोळी बहुधा एकाच तांड्यातली, एकाच भावकीतली असते. सख्खे भाऊ, मेव्हणे, चुलत जावा शेजारशेजारच्या कोप्यांत राहतात आणि तरी वेगळं रांधतात. जिथं जात एकच आहे तिथं जातीचा खुलासा पुरत नाही. उलट हीच माणसं पंढरीच्या वाटेवर दिंडीत जातात तेव्हा जेवणाची वर्गणी, म्हणजे भिशी, भरतात आणि एका सामायिक कढईतलं जेवतात. दिंडीत प्रत्येकाच्या डोक्यावर कोणाची उचल नसते.

राहिला तिसरा आक्षेप, बायकांच्या बाजूनं घेतला जाणारा: आपली चूल हीच परक्या मुलखात आपली एवढीशी सत्ता, ती कशाला काढून घ्यायची? हे खोटं नाही. कारखान्याच्या कढईतलं पातळ वरण खाण्यापेक्षा आपली बाजरीची भाकरी कोणालाही गोडच. पण निवड तेव्हाच म्हणावी जेव्हा दुसरा पर्याय समोर ठेवलेला असतो. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांहून जास्त ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यात 13 हजारांवर जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्याचा दोष चुलीवर टाकणं आततायीपणाचं होईल, कारणं कितीतरी आहेत. मात्र खाड्याच्या भीतीनं ज्या दिवसात विसाव्याला फट उरत नाही, त्या दिवसाची पहाट आणि रात्र स्वयंपाकानं खाल्लेली असते, एवढं तर त्या आकड्यांशेजारी मांडावंच लागेल. पर्याय अशक्य होता असंही नाही. त्याच 2019 साली राज्यानं बांधकाम कामगारांना कामाच्या जागी 5 रुपयांत जेवण देणारी अटल आहार योजना सुरू केली. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीत 38 कारखान्यांच्या तळांवर सुमारे 1 लाख 31 हजार ऊसतोड कामगार अडकले, तेव्हा त्यांच्या निवाऱ्याची आणि जेवणाची जबाबदारी सरकारनं कारखान्यांवरच टाकली होती. जे संकटात टाकता येतं ते हंगामात टाकणं अशक्य नव्हतं. ते मजूर संघटना आणि कारखाने यांच्या कराराच्या बोलण्यांत कधी ठळक आलं नाही, एवढंच. जानेवारी 2024 मध्ये तोडीचा दर टनाला 273 वरून 366 रुपयांवर गेला. भांडण दरावर झालं, भाकरीच्या तासांवर नाही.

काही फरक पडू लागलेत. ऑगस्ट 2019 पासून एक देश एक रेशनकार्ड या योजनेचं काम सुरू झालं, त्यामुळे गावच्या दुकानात अडकलेलं धान्य निदान नियमानं तरी दुसऱ्या तालुक्यात उचलता येतं, आणि ट्रॉलीतलं पोतं थोडं हलकं होऊ शकतं. पण चूल मोडायची असेल तर ती मोडेल मोजणी बदलल्यावर. फडात हार्वेस्टर उतरू लागलेत. त्याला जोडपं लागत नाही, चालक लागतो आणि हाताखाली दोन-चार गडी, तेही एकेकटे. त्यांच्यासोबत काटवट आणि बाजरीचं पोतं येण्याचं काही कारण नाही. त्यांना डबा लागेल, आणि तो कोणी पोचवायचा, शेतकऱ्यानं, मशीनमालकानं की कारखान्यानं, यावर करारात आता एक ओळ घालावी लागेल. जोडप्याच्या बाबतीत ती ओळ घालायची गरज कोणाला कधी पडली नव्हती.