टाकीवरचं नाव

सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका गावातून मी जुनी राजदूत घेतली. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीने इथे बनवलेली ही 175 सीसीची टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. खेड्यापाड्यांत दुधाचे कॅन हिनेच वाहिले.

टाकीचा वरचा रंग थोडा खरवडला, तर खाली उर्दू अक्षरं. विकणारा तरुण म्हणाला, "सर, आधी कुण्या मुसलमानाची असंल." मी वाचून दाखवलं. ते त्याच्याच आजोबांचं नाव होतं, आडनावासकट.

यात नवल नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभार उर्दूत, शाळेतही उर्दू. त्या पिढीचे कितीतरी हिंदू याच लिपीत सही करत. लिपीला धर्म नंतर चिकटला.

मेकॅनिक म्हणतो, पूर्ण रंगवून टाकू, नवी दिसेल. मी ठरवलंय: पिस्टन, रिंगा, वायरिंग नवं करायचं, टाकीला हात लावायचा नाही. ते नाव पुसलं, तर त्या तरुणाचा अंदाजच उद्या इतिहास म्हणून सांगितला जाईल.

निघताना त्याने विचारलं, "सर, यातलं पहिलं अक्षर कोणतं?" मी त्याचं बोट उजवीकडे नेलं.