दांडीवर एक, कॅरियरवर एक

मागच्या महिन्यात गटाची बैठक संपल्यावर एका सुनेनं मला दारात थांबवलं. म्हणाली, "ताई, दोन लेकरं घेऊन सायकलवर कसं जावं? मोठं साडेतीन वर्षांचं, धाकटं दीड वर्षाचं. अंगणवाडी दोन किलोमीटर आहे. मोठं तिथं बसते, धाकट्याला वजनाला न्यावं लागते. गाडी यांच्यासंगं सकाळीच निघून जाते." मी म्हटलं, पुढच्या भाषणात सांगते. सोपा प्रश्न वाटला होता. उत्तर शोधायला बसले तेव्हा कळलं की सायकलवर कोणी कुठं बसायचं हे ठरायलाच शंभरावर वर्षं गेली आहेत. म्हणून आज आधी ती गोष्ट, मग उत्तर.

तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढच्या बायांना हे चित्र आठवत असेल. आठवडी बाजाराचा दिवस. बाप सीटवर. पुढं दांडीवर दुपट्ट्याची घडी टाकून मोठं लेकरू, त्याचे दोन्ही हात हँडलच्या मधोमध. मागं कॅरियरवर आई, दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर धाकटं, एक हात सीटच्या स्प्रिंगला. हँडलला पिशवी. चार माणसं आणि एक सायकल. मी त्या दांडीवर बसलेली आहे. उतरल्यावर मांडीवर वळ उठायचा तो अजून आठवतो. आईला सायकल येत नव्हती, पण खड्डा आला की मांडीवरचं लेकरू सांभाळून सगळ्यांचा तोल तीच धरायची. वळणावर बाप म्हणायचा, "हलू नको." ती कुठं हलत होती!

आता जरा मागं जाऊ. आज आपण पाहतो तशी सायकल, म्हणजे दोन्ही चाकं सारखी आणि साखळीनं मागचं चाक फिरणारी, १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यानं बाजारात आणली. त्याच्या आधी पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं उंच असायचं, त्यावर चढायचं म्हणजे कसरतच. १८८८ मध्ये डनलॉपनं हवेचा टायर काढला आणि हाडं खिळखिळी होणं थांबलं. लगेच बायकाही सायकलवर बसू लागल्या. त्यांचे झगे पायघोळ, म्हणून त्यांच्यासाठी मधली दांडी खाली वाकवली आणि झगा चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकावर जाळी बसवली. आपण जिला लेडीज सायकल म्हणतो ती ही. झग्यासाठी केलेली जाळी पुढं आपल्या साडीच्या कामी आली. पण दांडी गेली तशी लेकराची जागाही गेली. हे लक्षात ठेवा, पुढं याच दांडीवरून एक गंमत होणार आहे.

आपल्याकडं सायकल आधी साहेबांची, मग वकील-मास्तरांची. रॅले, बीएसए, हर्क्युलिस अशी विलायती नावं. स्वातंत्र्यानंतर कारखाने इथेच उभे राहिले. सोनीपतला ॲटलस १९५१ मध्ये, लुधियान्याला हिरो १९५६ मध्ये. ती काळी, वजनदार, दांडीची सायकल दूध, गवत, पऱ्हाटीचं गाठोडं, काहीही वाहायची. मग ती लग्नात शिरली. सायकल, घड्याळ, रेडिओ: त्या काळातल्या सोयरिकी याच तीन वस्तूंवर जमायच्या आणि मोडायच्या. हुंडाबंदीचा कायदा १९६१ मध्ये झाला, तरी मांडवात सायकल उभी राहातच होती. मला यातली एक गोष्ट फार खटकते. सायकल कोणाच्या बापाच्या पैशातून यायची? मुलीच्या. आणि मुलगी कुठं बसायची? कॅरियरवर.

तिला शिकवायचंही नाही. पोरं दांडीखालून पाय घालून कैची मारत शिकायची, गुडघे फोडून घ्यायची, कोणी काही बोलत नसे. पोरीनं सायकलला हात लावला की बायाच कुजबुजायच्या, अंगाला इजा होईल, उद्या लग्नात अडचण येईल. डॉक्टरी आधार काडीचा नाही. पण भीती एकदा घरात शिरली की ती तीन-तीन पिढ्या राहते.

ही भीती एका जिल्ह्यानं अख्खीच्या अख्खी मोडली. आपला नाही तो, तमिळनाडूतला पुदुकोट्टई. पण तोही असाच कोरडवाहू. १९९१ मध्ये तिथं साक्षरतेची मोहीम सुरू झाली. शिकवणाऱ्या बायांना गावोगाव जायचं तर बसची वाट कोण पाहणार? तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ठरवलं की सायकल शिकणं हा साक्षरतेचाच भाग करायचा. बँकांकडून बायांना सायकलसाठी कर्ज मिळवून दिलं. शेतमजूर बाया, दगडखाणीत काम करणाऱ्या बाया, अंगणवाडीच्या सेविका, शिक्षिका, सगळ्या शिकल्या. १९९२ च्या महिला दिनाला दीड हजारांवर बाया हँडलला झेंडे लावून, घंट्या वाजवत पुदुकोट्टईच्या रस्त्यावर उतरल्या. शिकणाऱ्यांचा आकडा लाखाच्या वर गेला. पुरुषांनी टोमणे मारले, घाणेरडं बोलले. बाया चालवत राहिल्या.

हे सगळं पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहून ठेवलं आहे. पुढं आपल्या विदर्भातल्या कापसाच्या शेतकऱ्यांवरही त्यांनी पुष्कळ लिहिलं, म्हणून त्यांचं नाव तुमच्या ओळखीचं असेल. त्यांच्या लिखाणात ती गंमत आहे. मागणी इतकी वाढली की लेडीज सायकली मिळेनात. मग बायांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. आणि काही जणी म्हणाल्या, आम्हाला हीच बरी, हिला दांडी आहे, दांडीवर लेकरू बसते! साहेबाच्या देशात बाईसाठी काढून टाकलेली दांडी आपल्यासारख्या बाईनं मागून घेतली. पुढं लेकरू, मागं पाण्याचे हंडे किंवा विकायचा माल, असं ते चित्र. फुरसत मिळाली म्हणून कोणी सायकल शिकलं नव्हतं. पाणी, बाजार, लेकरू या तिन्ही खेपा एकीत व्हाव्यात म्हणून शिकल्या होत्या.

आता त्या सुनेचं उत्तर.

बाई, तुझी दोन लेकरं आहेत, म्हणून दांडीच्या सायकलची एक अडचण आधी सांगते. कॅरियरवर लेकरू बसलेलं असताना मागून पाय टाकून चढता येत नाही, लाथ लेकरालाच लागेल. पुढून चढावं तर दांडी आणि साडी. एकच लेकरू असेल तर दांडी चांगली. दोन असतील तर लेडीज सायकल घे, आणि पुढं लेकरासाठी वेगळी लहान सीट बसव. सीट इतकी खाली कर की बसल्या-बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतील. दोन लेकरांचा तोल जातो तो चालताना नाही, थांबताना.

धाकटं पुढं, मोठं मागं. धाकटं तुझ्या दोन हातांमध्ये राहते, डोळ्यांसमोर राहते, पेंगलं तर कळते. पण जे अजून आधाराशिवाय नीट बसत नाही ते सायकलवर नकोच. पुढच्या सीटला पाठ हवी, पट्टा हवा, पाय ठेवायला जागा हवी. कोणी म्हणेल की वेल्डिंगवाल्याकडून चिकटवून घे. नको. सायकलची नळी पातळ असते, डाग दिला की कमजोर होते. नटबोल्टनं आवळायची सीट बरी, आणि आठ दिवसांनी नट पाहायचे.

मागच्या लेकराचा धोका मी स्वतः भोगला आहे. सात वर्षांची असताना माझी टाच मागच्या चाकाच्या आऱ्यांत गेली. डाव्या पायावर खूण आहे. चाक फिरतं, लेकरू पाय हलवतं, आरा आणि फ्रेमच्या मध्ये टाच पिळली जाते. सालपट निघते, कधी हाडही मोडते. म्हणून मागं दोन्ही बाजूंना जाळी आणि पाय ठेवायला खुंट्या. जाळी नसेल तर पत्रा लाव, पण चाक उघडं ठेवू नको. पदर खोचून घे. लेकराच्या अंगावर लोंबती ओढणी नको. स्टँड दोन पायांचा घे, आणि स्टँडवर सायकल कितीही घट्ट उभी असली तरी लेकरू वर बसवून हात सोडायचा नाही, दारातून पिशवी घ्यायलाही नाही.

पहिल्याच दिवशी लेकरं बसवू नको. पुढं दहा किलो ज्वारी, मागं पंधरा किलो, अशी चार दिवस गावात फिर. ज्वारी सांडली तर वेचता येते. ब्रेक पावसात धरतात का तेही तेव्हाच कळेल. आणि आपली काळी माती तुला माहीत आहे. पावसाळ्यात पांदणीत शिरलीस की मडगार्डमध्ये चिखल बसतो आणि चाक जागेवर थांबते. अशा दिवसांत लेकरं घेऊन फक्त डांबरी रस्ता. चढ आला तर उतरून ढकल, त्यात लाज कसली.

मोटारसायकलवर चार वर्षांच्या आतल्या लेकराला पट्टा हवा, हेल्मेट हवं आणि वेग ताशी चाळीसच्या आत, असा नियम केंद्र सरकारनं २०२२ मध्ये केला. तो सायकलला लागू नाही. हेल्मेट मात्र सायकलवरही घालता येते.

तिकडं डेन्मार्कात कोपनहेगनला पुढं मोठी पेटी असलेली तीनचाकी सायकल मिळते. ख्रिश्चानिया नावाची ही सायकल १९८४ पासून आहे. पेटीत दोन लेकरं बसतात, आई मागून चालवते, थांबताना तोल जायची भीती नाही. तीन चाकं आपल्याला नवी नाहीत. विदर्भातल्या शहरांत एकेकाळी शाळेची पोरं सायकलरिक्षातच जायची. पण पेटीची सायकल जड आणि महाग, आपल्या पांदणीत ती वळणारही नाही. गावातला रस्ता चांगला असेल आणि चार-पाच घरांची लेकरं अंगणवाडीत न्यायची असतील, तर गटानं एक तीनचाकी घ्यावी का, याचा हिशोब मांडून पाहायला हरकत नाही.

रस्त्याचं नाव निघालं म्हणून नेदरलँड्सचं सांगते. आज तिथं आया दोन-दोन लेकरं घेऊन सायकलवर बिनधास्त जातात. नेहमीच तसं नव्हतं. मोटारी वाढल्या आणि १९७१ या एका वर्षात तिथं रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात चारशेवर मुलं. एका पत्रकाराची मुलगी अशीच गेली. त्यानं लेख लिहिला, शीर्षक होतं, मुलांचे खून थांबवा. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आया-बाप रस्त्यात बसले, सायकली आडव्या टाकल्या, मुलांना खेळायला रस्ते बंद करून घेतले. त्यानंतर वर्षानुवर्षं तिथले रस्ते बदलत गेले. अंगणवाडीच्या रस्त्यावरून रेतीचे टिप्पर धावत असतील, तर ग्रामसभेत हा विषय मांडताना हे उदाहरण खुशाल द्या.

राहिली एक गोष्ट, सायकल आणायची कुठून? ती सून म्हणाली होती, "घ्यायला पैसे नाहीत." मी विचारलं, शाळेत असताना मिळाली नव्हती का? आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकल मिळते. २०२२ मध्ये त्यासाठीची रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार केली. म्हणजे आज बावीस-पंचवीस वर्षांच्या कितीतरी आयांना सायकल येते, आणि त्यांच्या नावाची एक सायकल कुठंतरी आहे. कैचीच्या काळातल्या आमच्यासारख्या नाहीत त्या.

ती जरा थांबली. म्हणाली, "मिळाली होती ना. माहेरी गोठ्यात आहे. भाऊ कधीमधी वावरात नेते." लेडीज सायकल, जाळी असलेली. लग्नात भांडी आली, कपाट आलं, सायकल मागं राहिली. कोणी नाही म्हटलं नव्हतं, तिनं मागितलीच नव्हती. आईच्या काळी मुलीच्या बापाची सायकल जावई चालवायचा. आता मुलीची स्वतःची सायकल भाऊ चालवतो.

परवा तिचा फोन आला होता. भावानं सायकल एसटीच्या टपावर टाकून पाठवली. टायर गेलेत, चेन गंजली आहे, दुकानदार सातशे रुपये सांगतो. पुढच्या सीटचं विचारायला ती यवतमाळला जाणार आहे. तोवर ज्वारी घेऊन फिरते म्हणाली.