डोंगरावर जे नाही त्याची नोंद

या पानावर आपण बहुतेक वेळा दिसलेल्या गोष्टी लिहितो. पहिला पाऊस कधी झाला, आवण कसं उगवलं, बांधावर कुठला पक्षी आला. आजची नोंद उलटी आहे. आमच्या डोंगरावर काय असायला हवं होतं आणि नाही, आणि ते कशामुळे गेलं, याची.

भोर-वेल्ह्याच्या (वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका) पश्चिम भागात कुठल्याही वरकस उतारावर उभं राहा. गवत, कारवी, घाणेरी, मधेच एखादा हिरडा, फांद्या तोडतोडून खुंट झालेला ऐन. आणि त्याच डोंगराच्या घळीत देवराई. पाऊस तोच, माती तीच, उंची तीच. हाकेच्या अंतरावर अंजनी, पिसा, भेरली माड, मांडीएवढ्या जाड वेली. आमच्या वरकसात यातलं एकही रोप नाही. जमीन चालणार नाही म्हणावं, तर कुंपणापलीकडे चाललीच की!

या प्रकाराला शास्त्रज्ञांनी नाव दिलंय. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठाचे मीलिस पार्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'डार्क डायव्हर्सिटी' हा शब्द आणला. खगोलशास्त्रातल्या न दिसणाऱ्या 'डार्क मॅटर'वरून घेतलेला. अर्थ साधा आहे: आसपासच्या मुलखात आहेत, या जागेचं हवामान-माती मानवते, तरी या जागेवर नाहीत अशा जाती. मी त्याला 'गैरहजर विविधता' म्हणतो. हजेरीपटावर नाव आहे, पोरगं शाळेत नाही.

नुसत्या हजर जाती मोजल्या तर फसगत होते. कोकणकड्याजवळच्या रानात शंभर जाती आणि नसरापूरकडच्या कोरड्या माळावर चाळीस, असं समजा (आकडे उदाहरणापुरते). म्हणून माळ बिघडला असं होत नाही, तिथे मुळात तेवढ्याच मानवत असतील. शंभरवाल्या रानात तीनशे असायला हव्या होत्या, तर खरं नुकसान तिथे झालंय. २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात याच पद्धतीने केलेली मोठी मोजणी आली. जगभरातल्या ११९ प्रदेशांतली साडेपाच हजारांच्या आसपास ठिकाणं, फक्त वनस्पती. माणसाचा हात कमी लागलेल्या प्रदेशात मानवणाऱ्या जातींपैकी एक तृतीयांशाहून थोड्या जास्त हजर होत्या. जिथे हात जास्त, तिथे जेमतेम पाचातली एक. आणि हा परिणाम शेकडो किलोमीटरवरच्या रस्त्या-शहरांचाही पोचतो, अगदी राखलेल्या रानातसुद्धा. आजूबाजूचा निदान तिसरा हिस्सा मूळ स्थितीत असेल तर फटका कमी बसतो, असंही त्यांना दिसलं.

आता आपल्याकडचा इतिहास. देवरायांची शास्त्रीय नोंद घ्यायला सुरुवात केली ती माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी, सत्तरच्या दशकात. वर्तक पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतीतज्ज्ञ. दोघांचे लेख १९७५ आणि १९७६ चे. त्यातलं गाणी गावाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. श्रीवर्धनजवळचं, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं. तिथल्या देवराईत गारंबीचा एक वेल होता आणि गुरांच्या औषधासाठी लोक लांबलांबून तिथे येत. म्हणजे मधल्या सगळ्या डोंगरांवर गारंबी गैरहजर होती. 'डार्क डायव्हर्सिटी' हा शब्द यायच्या पस्तीस वर्षं आधी ती मोजणी लोक पायांनी करत होते.

आमच्याकडे गैरहजेरी कशी लागली? पहिलं कारण राब. ऐन, किंजळीच्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या, शेण-पातेऱ्यासकट वाफ्यावर जाळायच्या, मग नाचणी नाहीतर भाताचं आवण टाकायचं. राबाला नुसतं वाईट म्हणायला मी तयार नाही, त्यावर पिढ्या जगल्या. पण दर दोन-तीन वर्षांनी छाटलेलं झाड फुलत नाही, फळत नाही. झाड हजर आणि त्याचं बी गैरहजर, असं होतं.

दुसरं, माणसानं निवडून ठेवलेलं. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आंबा-फणस न तोडण्याबद्दल लिहिलंय, रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली झाडं म्हणून. तीनशे वर्षांनी बघा, देवराईबाहेर उरलंय काय? आंबा, फणस, हिरडा, जांभूळ. पोटाला किंवा बाजाराला लागणारं. पिशाला कोण वाली? तो देवाच्या भीतीनंच उरला.

तिसरा घाव धरणांचा. पानशेत म्हटलं की पुणेकरांना १२ जुलै १९६१ चा पूर आठवतो. खोऱ्यातल्या लोकांची गोष्ट वेगळी आहे. गाडगीळांनी १९७९ मध्ये डोंगर, धरणं आणि जंगलं या विषयावर निबंध लिहिला, तो याच भागातल्या निरीक्षणांवर. खाचरं पाण्याखाली गेली, माणसं वर चढली, उताराची जमीन नांगरायला लागली. धरणासाठी झालेल्या रस्त्यानं कोळशाचे ठेकेदार आले आणि मालकीच्या डोंगरातली झाडं पुण्याच्या शेगड्यांसाठी भट्टीत गेली. जमीन गेलेल्या माणसानं झाडं विकली, त्याला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही.

चौथा वणवा. हा इतिहास नाही, दर फाल्गुन-चैत्रातला आहे. गवत चांगलं येतं म्हणून लावतात. पिशाचं, अंजनीचं वीतभर रोप त्यात एकदा गेलं की संपलं.

तरी एक प्रश्न राहतो. देवराई शेजारी आहे, मग बी बाहेर का येत नाही? काही येतं. उदमांजर, वटवाघूळ उंबर-जांभळाचं बी आणून टाकतात. पण मोठ्या बियांची फळं गिळायला धनेशासारखी मोठी चोच लागते, आणि तो पक्षी मोकळ्या बोडक्या उतारावर येऊन बसेल कशाला? बी पडलं तरी सावली नाही, ओल नाही, वर गुरं आणि वणवा. चार दारं, चारही बंद.

एक सावधगिरी. प्रत्येक मोकळी जागा म्हणजे तुटलेलं जंगल नव्हे. कातळसड्यावर झाडं मुळातच मानवत नाहीत. तिथली पावसाळी फुलं, गवतं हीच तिथली हजर मंडळी. तिथे खड्डे फोडून रोपं लावणं म्हणजे असलेल्यांना हाकलणं. आणि उतारावर गिरिपुष्पाच्या रांगा लावून हिरवं दिसलं तरी पटावरचं एकही गैरहजर नाव परत येत नाही.

देवराई हाच आपला हजेरीपट आहे, आणि तोही फाटतोय. जीर्णोद्धारासाठी स्लॅब, पेव्हर ब्लॉक, गाड्यांना जागा. आमच्या भागात एका देवराईतली जुनी झाडं सभामंडपासाठी गेली. मंडप चांगला झालाय, पण आता त्या घळीत काय काय मानवत होतं हे विचारायला जागा उरली नाही.

मी सध्या करतोय ते एवढंच. वरकसातला एक तुकडा तीन वर्षं राखलाय, भोवती दिवाळीनंतर जाळपट्टा काढतो, ऐन छाटत नाही. देवराईतून काही उचलायचं नाही हा नेम मोडायचा नाही, म्हणून गावाला आणि पुजाऱ्यांना विचारून फक्त वाटेवर पडलेलं बी घेतो. जांभळाचं बी सुकवून डबीत ठेवू नका, थोड्याच दिवसांत मरतं. गर धुऊन लगेच ओल्या मातीत, जमल्यास झुडपाच्या सावलीत टोचायचं. यंदा अंजनीची अकरा रोपं कारवीखाली आहेत, पिशाचं अजून एकही नाही. तुमच्या देवराईत आहे आणि डोंगरावर नाही अशी झाडं कुठली? गावच्या बोलीतल्या नावानं लिहा, जागेचा नेमका पत्ता मात्र टाकू नका.